भरतकामाचं लटकन: पलटून शिवावं की कडा ओवाव्यात?

लटकनाचे भरतकाम केलेले दोन तुकडे, पुढचा आणि मागचा, जोडताना बरेच जण इथेच अडतात. सुलट बाजू आत ठेवून शिवायचं आणि पलटायचं, तर काम झटपट होतं, मशीनही चालतं. टाके आत राहिल्याने घासत नाहीत. पण तुकडा 5-6 सेंटिमीटरचाच असेल तर कोपरे बोथट होतात, आतलं कापड गोळा होतं.

दुसरी रीत: दोन्ही तुकड्यांभोवती मोजून सारखेच टाके घेत उलटी टीप (बॅकस्टिच, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे येऊन घ्यायचा) घालायची, कडा आत दुमडायच्या आणि कापडाला न टोचता फक्त त्या टाक्यांतून दोरा ओवायचा. वेळखाऊ आहे, पण कड इतकी रेखीव येते की मला हीच आवडते.

मॅटीवरच्या (धागे मोजून भरता येणाऱ्या कापडावरच्या) चौकोनी नक्षीला ओवणंच शोभतं. गोल आकार, पातळ कापड किंवा मुलांच्या हातात जाणारी वस्तू असेल तर पलटून शिवा.