दगडी हॉटेलात हिवाळा काढला: भिंतींना पैकीच्या पैकी, खिडकीला भोपळा

कंपनीच्या कामापायी सप्टेंबर ते मार्च इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या एका गावात, तिकडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांमधल्या दगडाच्या जुन्या हॉटेलात राहिलो. मधाळ रंगाच्या भिंती, घोडागाड्या आत घ्यायची उंच कमान वगैरे फोटोत सगळ्यांनीच पाहिलंय, ते सोडतो. बोलायचंय खिडकीबद्दल.

दगडी चौकटीत लोखंडी झडप, तिच्यात शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या छोट्या काचा. देखणी आहे, पण काच एकेरी आणि फटीला रबर नाही. नोव्हेंबरच्या वादळात खिट्टी तुटली, झडप रात्रभर आपटत होती. रिसेप्शनवर उत्तर मिळालं: इमारत ‘ग्रेड टू स्टार’ (वारसा इमारतींच्या यादीतली वरून दुसरी श्रेणी) संरक्षित, बाजारातली खिट्टी चालणार नाही, लोहाराकडून घडवून आणू. तोवर सुतळी! हीटर मागितला तर त्याचं भाडं वेगळं. दुहेरी काचेचं विचारलं तर परवानगीचं कारण पुढे. ते खोटं नाही. अशा इमारतीचं रूप बदलणारं काम विनापरवाना करणं तिकडे गुन्हाच आहे. पण आतल्या बाजूने जादा काच लावायला सहसा कोणी अडवत नाही. म्हणजे अडचण कायद्याची कमी, खिशाची जास्त.

डिसेंबरात मात्र भिंतींनी मत बदलायला लावलं. अर्ध्या मीटरहून जाड. आतून-बाहेरून घडीव दगड, मध्ये भर, सांधे चुन्याचे. चुना ओल घेतो आणि सोडतो, म्हणून खोलीत कुबट वास नाही. कमानीजवळ कुणीतरी सिमेंटने सांधे भरलेत. तिथे ओल सांध्यातून निघत नाही, दगडातून निघते, आणि दगडाचे पोपडे सुटतात. बोट फिरवलं की खसखशीएवढे गोल दाणे हाताला लागतात. जुरासिक काळातल्या उथळ समुद्रातला चुनखडक हा! सिमेंट थापणाऱ्याला याचं काय?

छपरावरही दगडाच्याच चिपा. वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत गेलेल्या, उतार चांगलाच तीव्र. अख्ख्या मुक्कामात एक थेंब गळला नाही. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीचं नाव काढू नका.

फेब्रुवारीत खिट्टी आली. हाताने घडवलेली, टोकाला वळ दिलेली, झकास बसली. वारा मात्र शिशाच्या पट्ट्यांमधून येतच राहिला. हिवाळ्यात जाणार असाल तर आतली जादा काच असलेलीच खोली मागा, आणि बुकिंग करतानाच लेखी घ्या. हीटरच्या भाड्यातलं निम्मं त्यांनी कमी केलं. उरलेल्यासाठी मेल चालू आहेत.