वसुलीची सोय चांगली, पण ‘जमा’ म्हणण्याची घाई

देखभाल-दुरुस्तीच्या आमच्या छोट्या व्यवसायासाठी क्रेडिट कार्ड आणि इलेक्ट्रॉनिक चेक (कागदी चेकऐवजी ग्राहकाच्या बँक खात्यातून थेट रक्कम वळती करणे) अशा दोन्ही मार्गांनी पैसे स्वीकारणारी एक सेवा आम्ही वर्षभर वापरली. कार्डाच्या बाजूविषयी फारशी तक्रार नाही. कारागीर काम आटोपून ग्राहकाच्या दारातच रक्कम भरून घेतो, बँकेची मंजुरी काही सेकंदांत येते आणि कार्डाचा क्रमांक आमच्याकडे साठवला जात नसल्याने त्याच्या सुरक्षिततेचा भार बराच हलका होतो.

मात्र कार्डाचे शुल्क रकमेच्या टक्केवारीने कापले जात असल्याने वार्षिक करारांच्या मोठ्या बिलांवर ते चांगलेच जाणवते, आणि तिथेच इलेक्ट्रॉनिक चेक उपयोगी पडतो. अमेरिकेत हे व्यवहार एसीएच या आंतरबँक जाळ्यातून होतात आणि आमच्या योजनेत त्यांचे शुल्क रक्कम कितीही असली तरी ठरावीकच आहे. दरमहा ठरलेली रक्कम ग्राहकाच्या संमतीने थेट खात्यातून वळती होते, शिवाय कार्डाची मुदत संपली म्हणून वसुली अडली, असेही होत नाही.

आमचा आक्षेप आहे तो पडद्यावर दिसणाऱ्या एका शब्दावर. कागदी चेक वटल्याशिवाय पैसे मिळाले असे कोणी मानत नाही. ही सेवा मात्र इलेक्ट्रॉनिक चेकची माहिती भरताच बिलापुढे हिरव्या अक्षरांत ‘जमा’ असे दाखवते. त्या भरवशावर आम्ही एका ग्राहकासाठी महागडा सुटा भाग मागवून बसवलाही, आणि तीन दिवसांनी ‘आर ०१’, म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, असा शेरा घेऊन व्यवहार परत आला. नियमानुसार असा चेक आणखी दोनदा लावता येतो. आमचा दुसऱ्या खेपेला वटला. ग्राहकाने व्यवहार अनधिकृत असल्याची तक्रार केली, तर वैयक्तिक खात्यातून आलेली रक्कम ६० दिवसांपर्यंत परत जाऊ शकते, हेही सेवा घेताना आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक बारकावा आहे. बँक कोणती हे सांगणाऱ्या नऊ अंकी राउटिंग क्रमांकातील शेवटचा अंक आधीच्या आठांवरून काढलेला असतो, त्यामुळे तिथली चूक अर्ज लगेच पकडतो. खाते क्रमांकाला असा सर्वमान्य पडताळा नाही, आणि ही सेवा तो क्रमांक दोनदा भरून घेण्याची साधी तसदीही घेत नाही. नजरचुकीने दोन अंक उलटसुलट झाले, तर ते कळते चेक परत आल्यावरच.

मदत केंद्राचा अनुभव बरा आहे. उत्तरे वेळेवर येतात, जरी पहिले उत्तर बहुधा साचेबद्ध असले तरी. पुढील वर्षासाठी आम्ही सेवा कायम ठेवली आहे. पावतीवरचा ‘जमा’ हा शब्द बदलता येत नाही, असे उत्तर मिळाल्यामुळे इलेक्ट्रॉनिक चेकच्या प्रत्येक पावतीखाली ‘चेक वटण्याच्या अधीन’ अशी ओळ आता आम्हीच टाकतो.