बीबीसी बाइटसाइझ: शिकवणी लावण्याआधी हे वापरून बघा

इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरात जीसीएसईच्या (म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) वयाची मुलं आहेत, त्यांना बीबीसी बाइटसाइझ हे बीबीसीच्या अभ्यासाच्या साइटचं नाव नवीन नाही. शाळा पालकसभेत ते सांगते, आपण मान डोलावतो आणि घरी येऊन शिकवणी शोधायला लागतो. माझं म्हणणं, क्रम उलटा ठेवा. आधी हे नीट वापरा, मग शिकवणी खरंच हवी आहे का ते ठरवा. आमच्या भागातल्या एका शिकवणीत आम्ही आमच्या मुलीला, सईला घातलं होतं. फी घसघशीत, आणि हातात पडायच्या त्या झेरॉक्स काढलेल्या कार्यपत्रिका. समजावून सांगणारं कोणी नाही. बाइटसाइझवर निदान समजावलेलं असतं, तेही फुकट.

हे १९९८ पासून चालू आहे. टीव्ही लायसन्सची जी फी आपण भरतो, त्यातूनच ते चालतं, त्यामुळे संकोच न करता हक्काने वापरा. कोविडमध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा, जानेवारी २०२१ मध्ये, बीबीसीने रोज टीव्हीवर धडे दाखवले होते. लहानांचे सीबीबीसीवर, मोठ्यांचे बीबीसी टूवर. तेव्हापासून आमच्या घरात याची सवय लागली.

रचना साधी आहे. एकेका धड्याचे छोटे छोटे भाग, एका बैठकीत वाचून होतील एवढेच, आणि शेवटी चाचणी. पण सुरुवातीलाच एक गोष्ट सांभाळा: परीक्षा मंडळ. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर, एडुकास अशी मंडळं आहेत आणि एकाच शाळेत फ्रेंच एका मंडळाचं, भूगोल दुसऱ्याचा असू शकतो. प्रत्येक विषयाचं मंडळ शाळेला विचारून कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. नाहीतर मूल मन लावून दुसऱ्याच मंडळाचा अभ्यास करत बसतं.

आता फ्रेंच. सईचं सगळं अडलं होतं ते भूतकाळात. पासे कोंपोझे, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा काळ, दोन सहायक क्रियापदांवर चालतो: बहुतेक क्रियापदांना 'आव्वार' आणि जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं अशा थोड्यांना 'एत्र'. ही थोडकी क्रियापदं लक्षात ठेवायला इथली मुलं 'डॉक्टर मिसेस व्हॅनडरट्रॅम्प' असं एक नाव घोकतात, त्यातलं एकेक अक्षर म्हणजे एकेक क्रियापद. यादी पाठ होते, पण 'एत्र' असेल तेव्हा कर्ता स्त्रीलिंगी असल्यावर क्रियापदाच्या शेवटी जास्तीचा 'ई' का लागतो, हे डोक्यात शिरत नाही. त्यातून तो 'ई' लिहायचा असतो, पण 'एल ए आले' (ती गेली) म्हणताना कानाला ऐकूच येत नाही.

बाइटसाइझवरचं पान मी तिच्याशेजारी बसून वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे तर आपल्याकडे आहे. 'सई गेली', 'दादा गेला': क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. आणि 'सईने आंबा खाल्ला' म्हणताना? 'खाल्ला' सईकडे बघत नाही. फ्रेंचमध्येही 'एल आ मांजे' (तिने खाल्लं) म्हणताना शेवटी जास्तीचा 'ई' नाही. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला इंग्रजीपेक्षा हे मराठीतून लवकर कळतं, कारण इंग्रजीत 'वेंट' काय आणि 'एट' काय, कोणासाठीच बदलत नाही. उतरण्याचं उदाहरण तर सईला फारच आवडलं. ती स्वतः खाली उतरली तर 'एत्र', तिने बॅगा खाली उतरवल्या तर 'आव्वार'. फ्रेंच क्रियापद तेच, मराठीत मात्र आपण 'उतरणे'चं 'उतरवणे' करतो. अर्थात हे सगळीकडे जुळत नाही. चालणं, धावणं, झोपणं आपल्याकडे अकर्मक, पण फ्रेंचमध्ये त्यांना 'आव्वार' लागतं. त्यामुळे यादी पाठ करण्यातून सुटका नाही, पण आता ती घोकंपट्टी राहिली नाही.

दुसरा भूतकाळ, एंपारफे. तिथेही तसंच. 'गेल्या मे महिन्यात आम्ही आजीकडे गेलो' हे पासे कोंपोझे आणि 'लहानपणी आम्ही दर मे महिन्यात आजीकडे जायचो' हे एंपारफे. जायचो, खेळायचो, खायचो. आमच्या घरात हा प्रयोग दिवसभर चालू असतो. रूप करायची कृतीही त्या पानावर नेटकी दिली आहे: वर्तमानकाळातलं 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं, रूप घ्या, शेवटचं 'ओं' काढा, नवे प्रत्यय लावा. अपवाद एकच, 'एत्र'. एवढं नीट सांगणारं पान मला त्या शिकवणीच्या फाइलमध्ये एकही सापडलं नव्हतं.

भूगोलात उष्णकटिबंधीय वादळांचा धडा आहे. अटलांटिकमध्ये हरिकेन, वायव्य प्रशांत महासागरात टायफून, आपल्या समुद्रात चक्रीवादळ. समुद्राचं पाणी साधारण २७ अंशांच्या वर तापलेलं हवं, विषुववृत्ताच्या अगदी जवळ ते बनत नाही कारण तिथे पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारं वळण कमी पडतं, आणि जमिनीवर आलं की खालून मिळणारी वाफ तुटते, म्हणून जोर ओसरतो. ही कारणांची साखळी बाइटसाइझ पायरीपायरीने नेतं, मधली पायरी गाळत नाही. 'गरम हवा वर जाते' इथपर्यंत सगळेच सांगतात. वर गेलेली वाफ थंड होऊन ढग बनताना उष्णता सोडते आणि तीच वादळाला पुढे हाकते, हे सांगितल्याशिवाय मुलाला वादळ कळत नाही.

सईच्या वर्गाला उदाहरण म्हणून टायफून हैयान आहे. ८ नोव्हेंबर २०१३, फिलिपिन्स. पाचव्या श्रेणीचं, म्हणजे ताशी २५२ किलोमीटरच्याही वरचं वादळ. टाक्लोबान शहरात समुद्र आत घुसला आणि देशात सहा हजारांवर माणसं गेली. परीक्षेत याचे प्राथमिक (वादळाने थेट केलेले) आणि दुय्यम (त्यातून मागाहून झालेले) परिणाम वेगळे करून लिहावे लागतात आणि मुलं नेमकी तिथे गोंधळतात. आम्ही श्रीवर्धनला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला निसर्ग वादळाचं विचारलं. ३ जून २०२० च्या त्या दुपारी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आई सांगत गेली, सई दोन रकान्यांत लिहीत गेली. पडवीचे पत्रे उडाले, वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या: पहिला रकाना. वीज कितीतरी दिवस नाही, विहिरीवरचा पंप बंद, फोन लागेना म्हणून इकडे आमचा जीव टांगणीला: दुसरा रकाना. आणि मग आई म्हणाली, "अगो, पोफळ लावली म्हणजे उद्या सुपारी मिळते काय? पाच-सहा वर्षं वाट बघायची." सईने ते आर्थिक, दुय्यम, दीर्घकालीन असं तीन शब्दांत टिपून घेतलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी विकून घर चालवणाऱ्यांचं काय झालं असेल, हे तिला कोणी वेगळं सांगावं लागलं नाही. हैयानमध्ये नारळाच्या बागा गेलेल्या शेतकऱ्यांबद्दल तिने नंतर जे लिहिलं, ते वाचून मला भरून आलं.

गणित आणि विज्ञानाबद्दल थोडक्यात: सूत्रं आणि व्याख्या उजळायला उत्तम. गणिताचा सराव मात्र वहीतच करावा लागतो.

आणि कुठल्याच विषयात नुसत्या बाइटसाइझवर थांबू नका, कारण बाइटसाइझच्या चाचण्या मुख्यतः पर्याय निवडण्याच्या आहेत आणि जीसीएसईच्या भूगोलात ९ गुणांचं उत्तर परिच्छेद पाडून, बाजू मांडून लिहायचं असतं. पर्यायांत दहापैकी दहा मिळाले म्हणजे तयारी झाली असं मुलांना वाटतं, त्यांना तसं वाटू देऊ नका. मंडळांच्या साइटवर जुन्या प्रश्नपत्रिका आणि गुणदानाचे तक्तेही फुकट मिळतात. पान वाचून झालं की त्याच धड्याचा एक मोठा प्रश्न काढा, वेळ लावून लिहायला बसवा आणि तक्ता हातात घेऊन तुम्ही स्वतः तपासा. इंग्रजी चांगलं नाही म्हणून कचरू नका, तक्त्यात कशाला गुण आणि कशाला नाही ते मुद्द्यांनिशी दिलेलं असतं. फ्रेंचचं एक ध्यानात ठेवा: अभ्यासक्रम बदलला आहे, नवा सप्टेंबर २०२४ पासून शिकवायला घेतला आणि त्याची पहिली परीक्षा २०२६ ची. ठरलेल्या शब्दांची यादी आहे, वरच्या स्तराला १७०० आणि खालच्या स्तराला १२००. मोठ्या भावंडांची जुनी पुस्तकं घरात असतील तर ती या यादीशी ताडून मगच वापरा.

पाचपैकी पाच द्यायला माझी हरकत नाही, पण एका अटीवर: मुलाच्या हातात फोन देऊन दुसऱ्या खोलीत जायचं नाही. निदान अडलेल्या धड्याला तरी शेजारी बसा आणि तेच पान तुम्हीही वाचा.