सर्व्हरलेस कंटेनर आणि शेअर्ड फोल्डर: चौदा महिन्यांनंतर, टाकीच्या भानगडीसह

1 जानेवारी, सकाळी पावणेदहा. मुलुंडच्या एका सोसायटीच्या खजिनदार काकांचा फोन. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, वेळेचा पक्का. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा नंतर. आधी बिल उघडून दाखव." मी लॅपटॉप उघडला आणि चक्र जे फिरायला लागलं ते चहा निवला तरी फिरतच होतं. पाचशे केबीची पीडीएफ, आणि तिला दीड मिनिट!

मी आणि माझा मेहुणा दादरला बसून हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर चालवतो. 140 सोसायट्या. महिनाभर शांतता आणि पहिल्या चार दिवसांत झुंबड, त्यातून तिमाही असेल तर विचारूच नका. बिल एक दिवस उशिरा गेलं की थकबाकीवरच्या 21 टक्के व्याजावरून वाद, आणि त्या वादात शिव्या खाणारे आम्ही.

आधी आमचा सर्व्हर ऑफिसातच, टेबलाखाली असायचा. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा यूपीएसने वीस मिनिटांत मान टाकली. मग भाड्याचं व्हर्च्युअल मशीन घेतलं. ते महिन्याचे पंचवीस दिवस लोळायचं आणि एक तारखेला धापा टाकायचं. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये एका क्लाउड कंपनीच्या सर्व्हरलेस सेवेकडे आलो. त्यांचं म्हणणं: कंटेनर (लागतं ते सगळं सोबत बांधलेला तुमचा प्रोग्रॅम) द्या, सर्व्हर आमचा, बिल सेकंदावर. सोबत सगळ्या कंटेनरना जोडलेलं एकच एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचं, फोल्डर. हा त्या सेवेचा रिव्ह्यू, पण कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढच्या रामायणातली निम्मी कांडं माझ्याच हातची आहेत.

कंटेनरच्या बाजूबद्दल तक्रार नाही. एरवी दोन चालतात, एक तारखेला बारा होतात, पाच तारखेला परत दोन. रात्री उठून सर्व्हरचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेट करणं बंद झालं. पीडीएफ बनवणारे वर्कर स्वस्तातल्या, केव्हाही काढून घेतल्या जाणाऱ्या क्षमतेवर टाकलेत. तिथे दोन मिनिटांची नोटीस मिळते, तेवढ्यात हातातलं बिल पुरं करून कंटेनर निरोप घेतो. इतकी सभ्य नोटीस आम्हाला घरमालकानेही कधी दिली नव्हती.

सुरुवातीला दोन दिवस गेले ते नेहमीच्या दुखण्यांत. एनएफएसचं 2049 पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं त्याचं दार, उघडायचं राहिलं, त्यामुळे फोल्डर जोडलं जाईना आणि कंटेनर उठेना. मग परवानग्यांचा घोळ: आमची जुनी इमेज (कंटेनरचा साचा) डेबियन नावाच्या लिनक्सवरची, नवी अल्पाइन नावाच्या. एकीत वेब सर्व्हरच्या www-data या यूजरचा नंबर 33, दुसरीत 82. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याला परकी. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फोल्डरचं वेगळं प्रवेशद्वार, बनवून त्यात यूजर नंबर ठोकून बसवला, विषय संपला.

आता टाकी. मी याच्यावर जरा जास्तच बोलणार आहे, घाई असेल त्यांनी पुढे जावं.

या फोल्डरचा साधा मोड आपल्या सोसायटीच्या पाण्यासारखा चालतो. नळाला ठरलेली धार. वापरलं नाही ते टाकीत जमा. टाकीत पाणी आहे तोवर सेकंदाला 100 एमबीपर्यंत मोकळं सोडा, संपलं की नळाच्या धारेवर आंघोळ. आणि नळ केवढा मिळणार हे ठरतं घरात सामान किती ठेवलंय त्यावर: दर जीबीमागे सेकंदाला 50 केबी. आमच्याकडे 60 जीबी, म्हणजे 3 एमबीची धार. नवीन फोल्डरला 2.1 टीबीची भरलेली टाकी भेट मिळते. त्यामुळे पहिले काही महिने तुम्ही कसेही वागा, सगळं लोण्यासारखं चालतं आणि तुम्ही मित्रांना फुशारकीने सल्ले देता. मीही दिले. त्यांची माफी मागतो.

दिवाळीच्या सुट्टीत मला काटकसरीचा झटका आला. 60 जीबीतली बहुतेक जुनी बिलं, वर्षातून एकदा ऑडिटला लागणारी. तीस दिवस हात न लागलेल्या फाइली आपोआप स्वस्त वर्गात हलवायची सोय आहे, एक टिचकी मारली. महिन्याला हजार-बाराशे रुपये वाचणार! मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?" मी त्याला खर्चाची शिस्त या विषयावर दहा मिनिटं ऐकवलं.

डॉक्युमेंटेशनमधलं एक वाक्य मी वाचलं नव्हतं. धार मोजताना फक्त महाग वर्गातलं सामान धरतात. नोव्हेंबरच्या शेवटी जुनी बिलं हलली, महाग वर्गात उरले 6 जीबी. त्यावर 300 केबीच मिळायचे, पण किमान सेकंदाला 1 एमबी देतात, म्हणून तेवढे मिळाले.

आणि टाकीला भोक आमचंच होतं. खजिनदारांना सगळी बिलं एका फाइलमध्ये लागतात, म्हणून दर अर्ध्या तासाला प्रत्येक सोसायटीची जोडफाइल नव्याने बनत होती, कोणी मागो न मागो. सोसायटीमागे सुमारे 20 एमबी. गुणाकार करा: दिवसाला 134 जीबी नुसतं लिहिणं. वाचन एक तृतीयांश दराने मोजतात, ते धरून पावणेदोनशे. 3 एमबीच्या धारेला हे पचत होतं, दिवसाला अडीचशे जीबी जमा व्हायचे. 1 एमबीच्या धारेला नव्वद. चार आठवड्यांत टाकी कोरडी, नेमकी तिमाहीच्या पहिल्या सकाळी. आलेखात ती शिल्लक डिसेंबरभर उतरताना स्वच्छ दिसते. अलार्म लावला नव्हता, कारण अलार्मचे पैसे पडतात. हो, मला माहीत आहे, किती पडतात ते.

त्या सकाळी सपोर्टला तांत्रिक तिकीट टाकायला गेलो, तर फुकटच्या प्लॅनमध्ये फक्त बिलाविषयी विचारता येतं. म्हणून बिलाच्या खात्यात लिहिलं, "बिलं उघडत नाहीत." त्यांनी अत्यंत नम्रपणे आमच्या त्यांच्याकडच्या बिलाची लिंक पाठवली.

एका मित्राने जुनी युक्ती सांगितली: शून्यांनी भरलेली शंभर जीबीची फाइल टाकून ठेव, सामान वाढेल, धार वाढेल. रिकाम्या खोक्यांसाठी भाडं भरायचं! तरी नाइलाजाने सुरू केलं, आणि मग लक्षात आलं की ती फाइलसुद्धा त्याच 1 एमबीच्या नळातून भरायची आहे. सव्वा दिवस. शेवटी वाचाल-लिहाल तेवढे पैसे असा दुसरा मोड लावला. काही मिनिटांत साइट उठली. दुपारी काकांनी कळवलं, "उघडलं. पार्किंगचा आकार चुकलाय." तो मात्र त्यांचाच चुकला होता.

त्या मोडमध्ये चार दिवस काढले आणि दिवाळीपासूनची बचत व्याजासकट परत गेली.

इथपर्यंत मी हे एक तारा देऊन लिहिणार होतो. फेब्रुवारीत मत बदललं. जोडफाइल आता बिल बदललं तरच बनते. तात्पुरत्या फाइली कंटेनरच्या स्वतःच्या डिस्कवर, जी 20 जीबीपर्यंत वेगळे पैसे न मोजता मिळते आणि सहा महिने आम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तयार बिलं ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फोल्डर न जोडता फाइली ठेवायच्या वेगळ्या गोदामात. शेअर्ड फोल्डरमध्ये उरलंय ते लोक अपलोड करतात तेवढंच, 9 जीबी. नळ तोच, 1 एमबीचा. पण दिवसाचा वापर चार जीबीच्या वर जात नाही.

म्हणजे ज्याच्यासाठी इतका आटापिटा केला त्या शेअर्ड फोल्डरची आम्हाला फारशी गरजच नव्हती. हे मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

तारे साडेतीन. अर्धा कापलाय तो नॅट गेटवेसाठी, म्हणजे कंटेनरना बाहेर इंटरनेटवर जायच्या दारासाठी. वापरा न वापरा, ताशी भाडं चालूच, आणि वर प्रत्येक जीबीला टोल. महिन्याचे पंचवीस दिवस दोन कंटेनरसाठी तो दारवान उभा. इमेज खेचायची वाहतूक फुकटच्या एंडपॉइंटवरून, म्हणजे कंपनीच्या आतल्याच वाटेने, वळवली, तरी ताशी भाडं हलत नाही. त्याच्याबद्दल बिलाच्या खात्यात तिकीट टाकलंय. या वेळी विषय खरंच बिलाचा आहे.