१:८७ मापाची फाउंड्री: एका प्लॅस्टिक किटचे परीक्षण

रेल्वेच्या प्रतिकृतीसाठी मिळणाऱ्या इमारतींमध्ये स्थानके, घरे आणि दुकाने भरपूर असतात. मालगाडीला खरोखर काम देणारी इमारत मात्र कारखाना किंवा गोदामच असते, आणि त्यातही फाउंड्रीचे, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्याचे, किट क्वचितच दिसते. एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणाचे, अमेरिकी धाटणीचे असे एक किट मी मागवून पूर्ण बांधले आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या सहवासात राहणाऱ्या कोल्हापूरकराला फाउंड्री कशी असते हे खोक्यावरच्या चित्रावरून शिकावे लागत नाही, त्यामुळे या किटची परीक्षा इथे जरा कडक होणार हे उघड आहे. साच्यातून निघालेले काम म्हणून हे किट उत्तम आहे; फाउंड्री म्हणून मात्र ते अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग बांधणाऱ्याने स्वतः विचार करून घालायचा आहे.

खोक्यात विटांचा पोत असलेल्या भिंती, वेगळ्या साच्यात काढलेल्या खिडक्यांच्या चौकटी, करवतीच्या दातांसारख्या करवती छपराचे तुकडे, बीड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीचा धुराडा, मालधक्का, काचांसाठी पारदर्शक पत्रा आणि फलकांची पाण्यात भिजवून उतरवायची डिकॅल्स येतात. सारे भाग पॉलिस्टायरीनचे असून इंजेक्शन मोल्डिंगने काढलेले आहेत. ज्यांचा ओतकामाशी संबंध आला आहे, त्यांना हे भाग हातात घेताच बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, वाळूतून सहज सुटावा म्हणून त्याला जसा ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, देतात, तसाच तो इथे पोलादी डायमधून भाग सुटण्यासाठी दिलेला आहे. साच्यात माल नेणाऱ्या वाटा, म्हणजे रनर आणि गेट, तेच आहेत. आकसण्याचा हिशेबही तसाच करावा लागतो, फक्त करड्या बिडासाठी तो साधारण एक टक्का धरतात आणि पॉलिस्टायरीनसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतो. फ्लॅश, म्हणजे साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेली पातळ कड, जवळजवळ नाही. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे भिंतींच्या आतल्या बाजूला ठेवण्याची काळजी घेतली आहे, परंतु छपराच्या तुकड्यांवर हेच ठसे अशा जागी पडले आहेत की खिडकीतून आत डोकावणाऱ्याला ते दिसतात. ते लांबी (पुट्टी) भरून घासावे लागतात आणि ते काम कंटाळवाणे आहे.

मला मिळालेल्या किटमधली सर्वांत लांब भिंत मधोमध आत वाकलेली होती. पातळ आणि लांब भागांच्या बाबतीत असे घडते, कारण रिब (आधाराच्या उभारलेल्या पट्ट्या) असलेली बाजू आणि सपाट बाजू सारख्या वेगाने थंड होत नाहीत. गरम पाण्यात थोडा वेळ धरून भिंत जाड काचेवर वजनाखाली थंड होऊ दिली की ती सरळ होते. मात्र पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास मऊ पडत असल्यामुळे उकळते पाणी वापरू नये, नाहीतर विटांच्या ओळीच लाटेसारख्या होतात. भिंतींचे कोपरे ४५ अंशांत तिरके कापलेले आहेत. साच्याच्या ड्राफ्टमुळे हा कोन किंचित बदलतो आणि जोड बाहेरच्या बाजूने उघडा राहतो. काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर कडा हलक्या हाताने घासून, दर वेळी गुण्या लावून पाहणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि किटच्या एकूण दर्जाचा निकाल या चार कोपऱ्यांवर लागतो. कारण विटांच्या दोन ओळी कोपऱ्यावर एकमेकींना मिळाल्या नाहीत, तर पुढे कितीही चांगला रंग दिला तरी नजर तिथेच जाते. या कामासाठी खास छंदाची हत्यारे परदेशातून मागवण्याची गरज नाही. गुजरीत सोनारांसाठी मिळणाऱ्या बारीक कानशी, चिमटे आणि सोनारी करवतीची पाती या कामाला तंतोतंत उपयोगी पडतात, आणि ती जास्त टिकाऊही असतात.

चिकटवण्याबद्दल किटच्या सूचनापत्रात एक ओळ आहे, ती पुरेशी नाही. पॉलिस्टायरीनसाठी पातळ द्रावक सिमेंट हवे. ते दोन भागांच्या फटीत ब्रशच्या टोकाने सोडले की केशाकर्षणाने आपोआप आत पसरते, प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते आणि वाळल्यावर जोड वेल्डिंगसारखा एकजीव होतो. या सिमेंटच्या वाफा बंद खोलीत घेऊ नयेत. खिडक्यांच्या काचांना मात्र हे सिमेंट लावायचे नाही, कारण पारदर्शक पत्र्यावर एक थेंब पडला तरी डाग कायमचा राहतो. चटकन चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंदही तिथे टाळावा. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धुरकट छटा चढते. साधा पांढरा फेव्हिकॉल काठाने लावला तर तो वाळून पारदर्शक होतो आणि काच स्वच्छ राहते. खिडक्यांच्या चौकटी वेगळ्या दिल्यामुळे त्या आधी रंगवता येतात, ही या किटची मोठी सोय आहे.

करवती छप्पर हा किटचा सर्वांत देखणा भाग आहे. या छपराच्या उभ्या, काचेच्या बाजू उत्तरेकडे असाव्यात म्हणजे दिवसभर थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो, हा नियम उत्तर गोलार्धात अमेरिकेत आणि कोल्हापुरात एकच आहे. म्हणून इमारत मांडण्याआधी आपल्या मांडणीत उत्तर कुठे आहे, हे ठरवून घ्यावे. छपराचे तुकडे सुटे असल्यामुळे उलट दिशेनेही बसतात, आणि सूचनापत्रात याचा उल्लेखही नाही.

आता क्युपोलाविषयी. किटमध्ये छपरातून वर येणारा धुराडा, त्याच्यावरची ठिणग्या अडवणारी टोपी आणि भिंतीवर चिकटवायची एक शिडी एवढेच दिले आहे. खरी क्युपोला जमिनीवर उभी असते आणि तिच्या अंगात बऱ्याच उंचीवर चार्जिंगचे दार असते; तिथून कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी थरावर थर टाकतात, खाली ट्वियरमधून, म्हणजे हवेच्या तोट्यांतून, हवा फुंकतात, आणि वितळलेले बीड खालच्या मोरीतून लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतात, तर मळी त्याहून वरच्या छिद्रातून काढतात. म्हणजे क्युपोला असलेल्या इमारतीला चार्जिंगचा मजला, तिथवर माल चढवणारा हॉइस्ट आणि बाहेर कोकचा ढीग यांच्याशिवाय अर्थ येत नाही. किटमध्ये यातले काहीही नाही. आतली जागा पूर्ण रिकामी आहे आणि मोठी दारे उघडी ठेवली तर ती रिकामी असल्याचे कळते. मी पट्टी आणि जाळीचे प्लॅस्टिक कापून मागच्या बाजूला चार्जिंगचा मजला आणि तिरका हॉइस्ट केला, दारासमोर वाळूचे साचे करायच्या मोल्डिंग बॉक्सच्या थप्प्या ठेवल्या आणि वाळूचा ढीग घातला. त्यानंतरच इमारत काम करत असल्यासारखी दिसू लागली. ज्यांना अलीकडच्या काळातली फाउंड्री करायची आहे, त्यांनी धुराडा बसवूच नये. आज आपल्याकडे विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस सर्रास दिसते, आणि तिथे रोहित्र, विजेच्या तारा आणि धूर ओढून घेणारे हूड हीच खूण असते.

विटांच्या बाबतीत एक हिशेब केला, तो उपयोगी पडेल. अमेरिकी विटेच्या तीन ओळी सांध्यांसह आठ इंच भरतात, म्हणजे १:८७ मापात साधारण २.३ मिलिमीटर; किटच्या भिंतीवर मोजल्यावर तेच माप मिळाले, तेव्हा बनवणाऱ्याने मापात काटकसर केलेली नाही. परंतु आपल्याकडची प्रमाण आकाराची वीट सांध्यासह १० सेंटिमीटर उंच धरली, तर तिची एक ओळ १.१५ मिलिमीटर होते. साहजिकच या भिंती कोल्हापूरच्या म्हणून दाखवायच्या झाल्या, तर विटा फार पातळ वाटतात. यावर उपाय म्हणजे खालच्या भागावर गिलावा दाखवणे. पातळ लांबी ओढून, अधूनमधून पोपडे निघाल्याप्रमाणे विटा उघड्या ठेवल्या की डोळा माप विसरतो. छपरासाठी किटमधला डांबरी कागदाचा पोत काढून सिमेंटचे पन्हाळी पत्रे लावले, तर इमारतीचा पत्ता लगेच बदलतो.

रंगाविषयी फार लिहीत नाही. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहू शकतो. मग मॅट प्रायमर, विटांचा तांबूस रंग आणि सांध्यांत पाण्याने पातळ केलेला करडा रंग. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात स्प्रेचे लॅकर मारू नये. दमट हवेत ते वाळताना पांढरट होते आणि मॅट वार्निशचा थर धुक्यासारखा दिसतो. ब्रशने लावायचे अॅक्रिलिक त्या दिवसांत अधिक भरवशाचे ठरते.

रेल्वेच्या दृष्टीने पाहता मालधक्का हा किटचा कणा आहे, आणि त्याची उंची बनवणाऱ्याने नीट साधली आहे. रुळाच्या माथ्यापासून तो १४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात चार फूट उंच आहे. अमेरिकी बंद वाघिणीच्या तळाशी तो जुळतो. मात्र इमारतीचा तळ आणि रूळ एकाच पातळीवर धरून हे माप काढलेले आहे. खाली कॉर्कची पट्टी आणि स्लीपर धरले की रूळ वर उचलला जातो आणि धक्का तेवढाच खाली राहतो, म्हणून इमारतीखालीही तेवढ्याच जाडीचा पाया द्यावा लागतो. भारतीय वाघिणी चालवणाऱ्यांनी आपल्याकडची वाघीण शेजारी उभी करूनच ही जाडी ठरवावी. सायडिंग, म्हणजे धक्क्यालगतचा बाजूचा रूळ, वक्र असेल तर अंतरही वाढवावे लागते, कारण वळणावर लांब वाघिणीचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला झुकतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे १:८७ मापात तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचाच असतो. ही तडजोड भारतीय मांडणीत सगळीकडेच असते, तिचा दोष या किटला देता येणार नाही.

किमतीचे गणित मात्र आपल्या बाजूने नाही. पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरून किट मला मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट पडले. खोके मोठे पण हलके असल्याने पाठवणीचा दर आकारावरून लागतो. त्यामुळे दोघातिघांनी मिळून एकत्र मागवले तर प्रत्येकाचा भार बराच कमी होतो. भिंती एकमेकींना कुठल्याही क्रमाने जोडता येत असल्यामुळे दोन किट मिळून एक लांब शेड करता येते, आणि मांडणीच्या मागच्या भिंतीला लावून फक्त दर्शनी बाजू वापरायची असेल, तर एकाच किटच्या चारही भिंती सरळ रेषेत जोडून तेवढीच लांबी मिळते. जागा कमी असलेल्या घरांसाठी मी दुसरा पर्याय सुचवीन. क्युपोला त्यात भिंतीमागे जाते, आणि चार्जिंगच्या मजल्याचे कामही वाचते.