‘तिन्ही संघांवर लावा, तोटा होणारच नाही’: लीगच्या सट्ट्यातील फसवणूक

इंग्लिश प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या 2023-24 च्या हंगामात मँचेस्टर सिटी, आर्सेनल आणि लिव्हरपूल यांच्यात विजेतेपदाची चुरस चालू असताना, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्हा काही मराठी मंडळींना टेलिग्रामवरील एका गटात ओढण्यात आले आणि तेथून एका सट्ट्याच्या संकेतस्थळाने आमचे पैसे लुबाडले. हीच युक्ती पुढच्या प्रत्येक हंगामात वापरता येण्यासारखी असल्यामुळे ती उलगडून सांगत आहे.

गटाचा अ‍ॅडमिन आधी लेस्टर सिटीचा दाखला देई. 2015-16 च्या हंगामापूर्वी त्या संघाचा भाव 5000/1, म्हणजे 1 पौंड लावल्यास 5000 पौंड नफा, असा होता आणि तो संघ विजेता ठरला, हे खरेच आहे. मात्र एवढा भाव मिळतो तो ती गोष्ट घडण्याची शक्यता नगण्य मानली जाते म्हणूनच, हे त्याने कधी सांगितले नाही.

त्यानंतर आमच्यापुढे मँचेस्टर सिटी (पुढे नुसते सिटी) 1.80, आर्सेनल 2.50 आणि लिव्हरपूल 4.00 असे भाव ठेवण्यात आले, म्हणजे 1 पौंड लावलेला संघ जिंकला तर तो पौंड धरून हाती येणारी रक्कम. तिघांपैकी एक जिंकणारच, तेव्हा तिन्हींवर लावा, असा आग्रह होता. त्याच्या हिशेबाप्रमाणे मी सिटीवर 278, आर्सेनलवर 200 आणि लिव्हरपूलवर 125, असे एकूण 603 पौंड लावले. कोणीही जिंकले तरी हाती सुमारे 500 च येणार होते, पण ही तूट संकेतस्थळाने देऊ केलेल्या 150 पौंडांच्या बोनसने झाकली होती आणि 47 पौंडांचा नफा पक्का दिसत होता. माझ्या मते सगळ्या कपटाचे मूळ या बोनसमध्ये आहे.

भाव तपासण्याची रीत सोपी आहे. 100 ला प्रत्येक भावाने भागावे आणि उत्तरांची बेरीज करावी. येथे 55.6, 40 आणि 25 मिळून 120.6 होतात, म्हणजे 100 पौंड परत मिळवण्यासाठी 120.6 पौंड लावावे लागतात. परवानाधारक बुकीकडेही ही बेरीज शंभराच्या वर असते, कारण त्याचा नफा त्यातच असतो. सर्व संघांवर लावून तोटा टाळायचा, तर ती शंभराच्या खाली असावी लागते.

19 मे 2024 रोजी सिटीने 91 गुणांसह विजेतेपद मिळवले. आर्सेनलचे 89 गुण झाले. माझ्या खात्यावर 650 पौंड दिसू लागले. पैसे काढायला गेल्यावर मात्र, बोनसच्या दहापट रकमेचा सट्टा खेळल्याशिवाय तो मिळणार नाही, आणि उरलेल्या 500 पौंडांवर 20 टक्के कर आधी बँकेतून वेगळा पाठवावा लागेल, असे कळवण्यात आले. कर भरल्यावर ओळख पडताळणीचे शुल्क मागितले गेले आणि त्यानंतर खातेच बंद झाले. ब्रिटनमध्ये सट्टा लावणाऱ्याच्या जिंकलेल्या रकमेवर कर नसतो, त्यामुळे अशी मागणी येताच व्यवहार तेथेच थांबवावा.

ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या कंपन्यांची नोंदवही गॅम्बलिंग कमिशन या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आम्हाला लुबाडणाऱ्या संकेतस्थळाचे नाव त्या नोंदवहीत नव्हते. गटात महाराष्ट्रातील लोकही होते. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे, आणि तेथे पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून, फसवून करवून घेतलेल्या देशांतर्गत बँक हस्तांतरणांची भरपाई बहुतांश प्रकरणांत बँकांना द्यावी लागते. आमचे पैसे त्याआधीच गेले होते.