थाई शब्दकोश: खिशातला की टेबलावरचा?

नजर अधू असेल तर थाई शिकायला खिशातला कोश घेऊच नका. थाईत व्यंजनं ४४. त्यांतल्या ‘डो डेक’ आणि ‘खो ख्वाय’मध्ये फरक काय, तर आतल्या गाठीची, म्हणजे छोट्या वेटोळ्याची, दिशा. ‘तो ताओ’ ‘डो डेक’सारखाच, डोक्यावर नुसती खाच. त्यात कधी अक्षरावर स्वर, स्वरावर सुराची खूण. बारीक छपाईत हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि भिंगाखाली शाईचा डागच मोठा दिसतो.

टेबलावरचा कोश जड, महाग. तरी तोच घ्या, पण आधी पान उघडून बघा: गाठी स्पष्ट दिसणारा पारंपरिक टाइप, ओळींत मोकळी जागा, न चमकणारा कागद. जाहिरातींत असतो तसा बिनगाठीचा टाइप असेल, तर नवशिक्याला मोठी अक्षरंही ओळखता येत नाहीत.